हात न लावता

लिफ्टभाऊंनी राजीनामा दिला तो सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट आणि ठेवणीतला कोट घालून, आणि तोंडी. सगळा घोटाळा झाला तो इथेच.

नोकरी सोडण्यात काही चूक नव्हती, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही बिचाऱ्यांना नावं ठेवाल. लिफ्टभाऊ लिफ्ट दुरुस्त करतात. परक्या देशात येऊन बारा वर्षं एकाच मालकाकडे तेच काम केलं. त्यांची एक सवय आहे. लिफ्ट दुरुस्त झाली की माणसांना आत सोडायच्या आधी आपण स्वतः आत उभं राहायचं आणि वर-खाली तीन फेऱ्या मारायच्या. मालक म्हणायचे, "तुमच्या तीन फेऱ्यांत माझी पुढची दोन कामं बोंबलतात." पुढे तर मालक म्हणायला लागले, तपासणीच्या तक्त्यावर सही करायला लिफ्ट बघायची गरजच काय, गाडीत बसून करा की. तेव्हा लिफ्टभाऊंनी दुसरी कंपनी शोधली. त्या कंपनीने मुलाखतीत तीन फेऱ्यांचं ऐकलं आणि 'या' म्हणाली. इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं.

आता परवान्याचं ऐका. बाहेरून आलेल्या माणसाला काम करायला सरकारी परवाना लागतो, आणि त्यावर मालकाचं नाव छापलेलं असतं. त्या नावाखेरीज दुसऱ्या कुणाचं काम केलं, फुकट केलं, अगदी पुण्य म्हणून केलं, तरी परवाना रद्द, बांधा बोजाबिस्तरा. मालक बदलायचा तर शहाणी माणसं आधी नव्या नावाचा परवाना खिशात घालतात आणि मग जुन्याला दोन ओळींचं पत्र टाकतात. पण लिफ्टभाऊंच्या घरात असं पाठीमागून पत्र टाकायची पद्धत नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याला समोर जाऊन, तोंडावर सांगून, नमस्कार करून निघायचं, हे वडिलांनी लहानपणी डोक्यात भरवलेलं.

"परवाना काय, येईलच," ते बायकोला म्हणाले. "पण मालकांना दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर त्यांना काय वाटेल?"

"त्यांना वाटायचं ते वाटू दे. आपलं काय होईल?" वहिनी म्हणाल्या. तोवर हे बूट घालून जिन्यात पोचलेसुद्धा.

मालकांनी ऐकून घेतलं. नमस्कारही घेतला. मग त्यांचा आवाज असा चढला की शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन उभी राहिली. 'बारा वर्षं पोसलं' पासून सुरुवात झाली आणि 'बघतोच आता' वर शेवट. दुपारी दोनच्या आत मालकांनी परवाना कचेरीत कळवून टाकलं, की हा माणूस आजपासून आमचा नाही. त्या मिनिटापासून लिफ्टभाऊंचे तीस दिवस सुरू झाले. तीस दिवसांत नव्या मालकाच्या नावाचा शिक्का, नाहीतर तिघांनीही देश सोडायचा.

तिघं म्हणजे हे, वहिनी आणि लेक. लेकीची शाळेची शेवटची मोठी परीक्षा दीड महिन्यावर आलेली. ती पोरगी मोठी हिशेबी. वायफळ अभ्यास करायला तिची तयारी नाही. रोज संध्याकाळी भूगोलाचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसायची आणि विचारायची, "बाबा, इथल्या नद्या पाठ करू का तिकडच्या?"

"थांब जरा," लिफ्टभाऊ म्हणायचे. आणि हातातला घास तसाच ताटात राहायचा.

अशा वेळी माणसाला धीर द्यायला शेजारी असतात. लिफ्टभाऊंना माहितगार होते. वरच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ वीस वर्षांपूर्वी आले, केव्हाच इथले पक्के नागरिक झाले, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या अर्जांवर जगतात. म्हणजे पोटासाठी नव्हे, हौसेखातर. वीस वर्षांत त्यांनी सल्ल्यापेक्षा जड काही उचललेलं कुणी पाहिलेलं नाही.

"फोटो हसरा द्या," माहितगार म्हणाले. "साहेबलोकांवर छाप पडते." लिफ्टभाऊंनी बत्तीस दात दाखवून फोटो काढला. खिडकी नंबर चारच्या बाईंनी तो दोन बोटांनी उचलला आणि म्हणाल्या, "ओळखपत्राला चेहरा लागतो, दात नाही." फाईल परत. सहा दिवस गेले.

ह्या चार नंबरच्या बाई म्हणजे एक प्रस्थच. केस घट्ट बांधलेले, पेन्सिली टोकाने एका दिशेला, आणि सगळी कलमं तोंडपाठ. त्यांनी कुणाला कधी अडवलं नाही आणि कुणाला कधी सोडलंही नाही. दुसऱ्यांदा फाईल परत आली ती सहीवरून. लिफ्टभाऊंची सही ऐसपैस, शेवटच्या अक्षराची शेपटी लांबवर जाणारी. अर्जावरची चौकट बोटभर. शेपटी बाहेर गेली. "चौकटीत," बाई म्हणाल्या. घरी येऊन लिफ्टभाऊंनी आखीव कागदावर सहीचा सराव केला. चाळिशी उलटलेला बाप्या लेकीच्या शेजारी बसून स्वतःचं नाव गिरवतोय, हे दृश्य वहिनींना बघवेना. तिसऱ्यांदाही शेपटी बाहेर. फाईल परत. सोळा दिवस गेले.

वर माहितगारांनी आणखी एक भीती घालून ठेवलेली. "तीस दिवस कशालाही हात लावू नका हं! कुणी फोटो काढला, कचेरीत पाठवला, तर संपलं. घरातला दिवासुद्धा बदलू नका." लिफ्टभाऊंनी ते इतकं मनावर घेतलं की स्वयंपाकघरातला दिवा वहिनींनी स्टुलावर चढून बदलला आणि हे खाली हात मागे बांधून "डावीकडे फिरव, डावीकडे" करत उभे. त्यांच्याच इमारतीची लिफ्ट तेव्हा खर्रखर्र करत होती. तो आवाज त्यांना झोपेतही ऐकू यायचा, पण जाताना-येताना ते मान खाली घालून जिन्याने जायचे. शेजारणी म्हणायला लागल्या, काय बाई गर्व चढला नव्या नोकरीचा!

नवी कंपनी भली होती, पण तिचं म्हणणं एकच: "आमच्याकडून सगळं गेलंय. आता फक्त जुन्या मालकांचं ना-हरकत पत्र तेवढं आणा." आणि जुने मालक ते देईनात. आधी म्हणाले, सामान परत करा. पट्टा, शिरस्त्राण, जाकीट, हत्यारांची पेटी, सगळं यादीवर खूण करून जमा झालं. मग मालक खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "चावी?"

लिफ्टचं दार बाहेरून उघडायला एक तीन कोनांची चावी असते. बोटाएवढी, पण ती नसेल तर भलाभला मेकॅनिक दारापुढे भिकाऱ्यासारखा उभा राहतो. लिफ्टभाऊंची ती चावी सापडेना. घर उलटंपालटं केलं. गाद्या उसवल्या. लेकीचा कंपास पाहिला, पिठाचा डबा चाळला. माहितगारांनी येऊन, "शेवटी कुठे ठेवली होती ते आठवा म्हणजे तिथेच असेल," असा मौलिक सल्ला दिला, तेव्हा वहिनींनी पिठाचे हात झटकले ते थेट त्यांच्या शर्टावर.

एकोणतिसाव्या दिवशी मालक पघळले. पघळले म्हणजे काय, त्यांनी लिफ्टभाऊंकडून लिहून घेतलं, की चावी माझ्या हातून हरवली, ती माझ्याकडे नाही, ही चूक माझी आहे. बारा वर्षांत एक स्क्रू इकडचा तिकडे न केलेल्या माणसाने ते लिहून दिलं. तो कागद ना-हरकत पत्राला टाचणी लावून फायलीत गेला.

तिसाव्या दिवशी ते पुन्हा ठेवणीतला कोट घालून निघाले. बरोबर वहिनी, आणि न बोलावता माहितगार. लेकीने दारातून विचारलं, "बाबा, मग?"

"संध्याकाळी सांगतो," लिफ्टभाऊ म्हणाले.

परवाना कचेरी दुसऱ्या मजल्यावर. टोकन मिळालं सत्तावन्न नंबरचं. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर भिंतीवर घड्याळ, आणि त्या घड्याळाचा काटा असा टकटक करत सरकणारा की एकेक मिनिट छातीवर पडावं. सत्तावन्न आला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले. बाईंनी एकेक कागद पाहिला. दात नसलेला फोटो, ना-हरकत पत्र, चावीचा कबुलीजबाब. सहीपाशी थांबल्या. शेपटी चौकटीच्या रेषेला टेकलेली, पण आत. बाईंनी भिंग काढलं. वहिनींनी डोळे मिटले.

"सगळं आहे," बाई म्हणाल्या, जरा नाइलाजानेच. "पाचव्या मजल्यावर साहेबांची सही घेऊन येते. मग मी नोंद करणार, शिक्का मारणार. पाचला खिडकी बंद होते. इथून हलू नका." फाईल बगलेत मारून त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

लिफ्ट वर गेली आणि लिफ्टभाऊंचा चेहरा उतरला.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"दाराचा चाप वाजतोय. झिजलाय. मी ओळीने तीन महिने लिहून दिलं होतं. ही आमचीच लिफ्ट आहे." मग जीभ चावून म्हणाले, "त्यांची."

चार वाजून दहा मिनिटांनी लिफ्ट खाली यायला निघाली. लिफ्टभाऊ डोळे मिटून ऐकत होते. चौथा गेला. तिसरा गेला. आणि दुसऱ्याच्या वर कुठेतरी, 'ठक्'. त्यानंतर काही नाही. कचेरीतल्या खुर्च्यासुद्धा करकरायच्या थांबल्या.

पहारेकरी जिन्याने धावत वर गेला, त्याच्यामागे लिफ्टभाऊ, वहिनी, माहितगार, आणि टोकन अठ्ठावन्न ते चौऱ्याहत्तर. सगळ्यांचंच नशीब त्या पेटीत अडकलेलं. पहारेकऱ्याने तिसऱ्या मजल्याच्या दारावर थापा मारल्या. "आत कोण आहे?"

"चार नंबर," खालून आवाज आला. बाईंना तशातही पूर्ण वाक्य लागत नव्हतं.

अग्निशमनवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, मोठी आग चालू आहे, माणूस गुदमरत नसेल तर तास लागेल. मग पहारेकऱ्याने लिफ्टवरच्या चिकटपट्टीवरचा नंबर फिरवला. फोनवर जुने मालक. "माझा माणूस गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे," ते म्हणाले. "मीच निघतो. पाऊण तास धरा."

"अहो, तुमच्याकडे तो एक चांगला मेकॅनिक होता ना? तीन-तीन फेऱ्या मारणारा?"

"सोडून गेला," मालक म्हणाले आणि फोन ठेवला. चांगला मेकॅनिक दोन हातांच्या अंतरावर उभा राहून ऐकत होता. चार वाजून बावीस मिनिटं.

"काढा हो त्यांना!" टोकन एकसष्ट लिफ्टभाऊंना म्हणालं. "मघाशी 'आमचीच लिफ्ट' म्हणालात ना, तुम्हाला येत असेल!"

"येतं," लिफ्टभाऊ म्हणाले. "पण करता येत नाही." आणि दाराशी वाकून ओरडले, "बाई! मी टोकन सत्तावन्न. मला हे काम येतं. करू का?"

आतून बाईंचा आवाज, जरा कापरा, पण शब्द खणखणीत. "परवाना आहे का?"

"तुमच्या बगलेत आहे."

"शिक्का नाही म्हणजे परवाना नाही. हात लावू नका. लावलात तर मला बाहेर आल्यावर तुमचा अर्ज फेटाळावा लागेल."

टोकनं एकमेकांकडे बघायला लागली. माहितगार तेवढे पुटपुटले, "कलम बरोबर आहे हं." त्यांच्या आयुष्यात एवढं अचूक ते पहिल्यांदाच बोलले असावेत.

चार सत्तावीस. लिफ्टभाऊंचा जीव अगदी टांगणीला लागला होता. हात लावला तर गेलो, न लावला तर पाचला गेलो. आणि खाली त्या अंधुक पेटीत एक बाई एकटी उभी आहे, तिचा श्वास वर ऐकू येतोय. कितीही खडूस असली तरी माणूसच की. त्यांनी बायकोकडे पाहिलं. वहिनींना एकदम स्वयंपाकघरातला दिवा आठवला.

"अहो, तुम्ही नुसतं सांगा ना! मी दिवा बदलला तसं." मग त्यांनीच दाराशी तोंड नेलं. "बाई, नुसतं सांगणं म्हणजे काम का हो?"

आत बराच विचार झाला. "कलमात 'काम करणे' असं आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "'सांगणे' असं नाही. सांगा. पण हात मागे. आणि साक्षीदार?"

"सतरा आहेत!" टोकनं एका सुरात ओरडली.

झालं. लिफ्टभाऊंनी हात मागे घेतले, आणि त्यांचा आवाजच बदलला. महिनाभर दबलेला माणूस ताठ झाला. आधी वरच्या यंत्रखोलीत जाऊन मुख्य बटण बंद करायचं, म्हणजे लिफ्ट आपोआप हलणार नाही. मग एकाने दांडा दाबून ब्रेक सैल करायचा, दुसऱ्याने चाक हाताने फिरवायचं, आणि पेटी बोटबोट वर आणून तिसऱ्या मजल्याला लावायची. यंत्रखोलीची किल्ली पहारेकऱ्याकडे होती. पण माणसं हवीत दोन, आणि दुसराही इथला पक्का हवा, परवान्याची भानगड नसलेला. सतराच्या सतरा टोकनं परवान्याचीच. सगळ्यांचे डोळे माहितगारांकडे वळले.

"माझी पाठ..." माहितगार म्हणाले.

"चला वर," वहिनी म्हणाल्या. वहिनींचा तो आवाज ऐकून मीसुद्धा गेलो असतो.

"आणि दार कसं उघडायचं?" जाता जाता पहारेकरी वळला. "चावी कंपनीकडेच असते."

लिफ्टभाऊंच्या कपाळावर घाम फुटला. रुमालासाठी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. खिसा फाटका. बोट अस्तरात उतरलं, आणि खाली, अगदी शिवणीपाशी, काहीतरी तीन कोनांचं लागलं. त्या सकाळी मालकांच्या हातात मानाने द्यायची म्हणून त्यांनी ती चावी जुडग्यातून काढून ह्याच खिशात ठेवली होती. आरडाओरड्यात विसरले. नंतर कोट कपाटात गेला तो आजच निघाला.

वहिनींना नवऱ्याचा चेहरा कळतो. "काय झालं?"

"सापडली."

"आत्ता?"

फायलीत, बाईंच्या बगलेत, 'चावी माझ्याकडे नाही' हे त्यांच्या सहीनिशी होतं. गुपचूप पहारेकऱ्याच्या हातात सरकवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. माहितगारांनी तसं डोळ्यांनी सुचवूनही पाहिलं. पण हा माणूस तोंडावर सांगणारा. ज्या सवयीने गळ्याशी आलं होतं, तीच पुन्हा उफाळली.

"बाई!" ते दाराशी वाकले. "एक सांगायचंय. ती हरवलेली चावी माझ्या कोटाच्या अस्तरात निघाली. आत्ता. देवाशपथ मला ठाऊक नव्हतं."

आत कागद चाळल्याचा आवाज झाला. घड्याळात चार चौतीस.

"चावी चालते का?" बाईंनी विचारलं.

"चालते."

"मग फायलीचं नंतर पाहू."

वहिनींनी दातांनी अस्तर उसवून चावी काढली. पहारेकरी आणि माहितगार वर गेले. पहारेकऱ्याचा फोन चालू, इकडे टोकन एकसष्टचा फोन मोठ्या आवाजावर कट्ट्यावर ठेवलेला. दाराला उभी अरुंद काच होती, तिच्यातून लिफ्टभाऊंना खाली पेटीचं छत दिसत होतं.

"मुख्य बटण बंद? खाली पाडलं? नक्की? आता माहितगार, दांडा हळू दाबा. हळू म्हणजे जरासा. पलीकडच्या वजनापेक्षा पेटी हलकी आहे, आपसूक वर येईल. मी म्हटलं की सोडायचा."

माहितगारांनी वीस वर्षांत पहिल्यांदा काम हाती घेतलं आणि सगळा जोर एकदम लावला. पेटी सणकन वर उसळली. बाई किंचाळल्या.

"सोडा! सोडा दांडा!"

"सुटत नाहीये!" फोनवर माहितगार बोंबलले.

लिफ्टभाऊंचे हात सुटले. ते जिन्याकडे झेपावलेच, दोन ढांगांत वर पोचले असते आणि तो दांडा स्वतः खेचला असता. परवाना, नद्या, काही डोळ्यांपुढे उरलं नव्हतं. इतक्यात मागून कुणीतरी त्यांची दोन्ही मनगटं गच्च धरली. वहिनींनी. अठरा वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यांनी नवऱ्याचा हात कधी धरला नव्हता. आता धरला तो कैद्याला धरावा तसा.

"सांगा," त्या कानाशी म्हणाल्या. "नुसतं सांगा. तुमचं ऐकतील."

लिफ्टभाऊंनी श्वास घेतला. "पहारेकरी, चाक दोन्ही हातांनी आवळा. अंग टाका त्यावर. माहितगार, घाबरू नका, दांड्याच्या मुळाशी खिळा आहे, तो पायाने मारा. पायाने!"

धाडकन आवाज आला. पेटी थांबली. वर माहितगार देवाचं नाव घेत होते.

"आता बोटबोट," लिफ्टभाऊ म्हणाले. "थोडं दाब. सोड. थोडं. सोड." काचेतून पेटीचं छत वर सरकून गेलं, मग बाईंचे केस दिसले, मग चेहरा, मग फाईल, मग बूट. काचेपलीकडून त्यांनी पहिलं काय पाहिलं असेल, तर लिफ्टभाऊंचे हात. ते मागे, बायकोच्या मुठीत.

पहारेकऱ्याने खाली येऊन चावी फिरवली. दार उघडलं. बाई बाहेर आल्या. केस जरा सुटले होते, पण फाईल छातीशी. चार अठ्ठेचाळीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच वेळी, रस्ता मोकळा मिळालेले जुने मालक जिन्यातून धापा टाकत वर आले.

मालकांनी उघडं दार पाहिलं, पहारेकऱ्याच्या हातातली चावी पाहिली, आणि लिफ्टभाऊंना पाहिलं. मग त्यांच्या तोंडावर जे हसू पसरलं ते बघून वहिनींनी नवऱ्याची मनगटं आणखी घट्ट आवळली.

"वा!" मालक म्हणाले. "चावी हरवली म्हणून लिहून देतो आणि परवान्याशिवाय माझ्याच लिफ्टचं काम करतो! बाई, लिहून घ्या माझी तक्रार. आत्ताच्या आत्ता."

सतरा टोकनं एकदम ओरडायला लागली. बाईंनी हात वर केला आणि सगळे गप्प.

"यांनी काम केलं नाही. मी स्वतः पाहिलंय. चावी हरवली असं लिहिलंय, हरवलेली वस्तू सापडू शकते. सापडल्यावर मी न विचारता त्यांनी सांगितली." मग फायलीवर ठेवलेला, प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद त्यांनी पुढे केला. लिफ्टमधला तपासणीचा तक्ता. "पस्तीस मिनिटं मला वाचायला हेच होतं. ओळीने तीन महिने इथे शेरा आहे: दाराचा चाप झिजला, बदलावा. खालची सही चौकटीबाहेर गेलेली. ही शेपटी मला पाठ आहे, हिच्यापायी मी दोनदा फाईल परत केली. आणि ह्या महिन्यात शेरा आहे, सर्व ठीक. ही सही कुणाची?"

मालकांनी हात पुढे केला, तसा बाईंनी तक्ता मागे ओढला.

"चौकटीत आहे," बाई म्हणाल्या. "अगदी मधोमध."

चार त्रेपन्न. बाई जिना उतरायला लागल्या आणि सगळी वरात मागून. खिडकीत बसून त्यांनी नोंद केली, एकेक अक्षर दाबत. यंत्र मध्येच थबकलं, लिफ्टभाऊंच्या काळजाचा ठोकाही. मग शेवटचा कागद पुढे आला. "पोच. इथे सही. चौकटीत."

वहिनींनी त्यांचा उजवा हात तेवढा सोडला. लिफ्टभाऊंनी पेन धरलं. महिनाभर गिरवलेली ती आखडलेली सही करायला गेले, पण हातच ऐकेना. अक्षरं झाली आणि शेपटी सुटली ती चौकट ओलांडून थेट कागदाच्या कडेपर्यंत. माहितगारांनी कपाळाला हात लावला. चार सत्तावन्न.

बाई त्या शेपटीकडे बघत राहिल्या. "असू दे," त्या म्हणाल्या. "ओळख पटते." आणि शिक्का मारला.

लिफ्टभाऊंना रडू आलं. अगदी घळाघळा, खिडकी नंबर चारसमोर. वहिनी पण रडल्या. माहितगार सगळ्यांना सांगत सुटले, की दांडा मी दाबला.

निघताना वरच्या मजल्यावरून मालकांचा आवाज आला. गाडीतून नवा चाप आणून त्यांनी स्वतःच बसवला होता. "झालं! चालू करा. बसू द्या लोकांना."

जिन्याशी बाई उभ्या होत्या, आता केस पुन्हा घट्ट. त्यांनी लिफ्टभाऊंना विचारलं, "दुरुस्तीनंतर तुमच्या त्या फेऱ्या किती?"

"तीन," लिफ्टभाऊ म्हणाले.

बाई जिन्यातून वर ओरडल्या, "आधी तुम्ही बसा! एकटे. तीन फेऱ्या. मी मोजतेय."

लिफ्टभाऊ, वहिनी आणि माहितगार जिन्याने उतरायला लागले. पहिल्या मजल्यापाशी दाराच्या काचेतून पेटी वर जाताना दिसली. आत मालक, दोन्ही हातांनी कठडा धरून, डोळे घट्ट मिटलेले. दुसरी फेरी चालली असावी. लिफ्टभाऊंनी थांबून आवाज ऐकला. चाप नीट बसला होता.

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. काढायला त्यांनी हात हलवला, तर डावा हात अजून वहिनींच्या हातात.

"सोड की आता," ते म्हणाले. "परवाना मिळाला."

वहिनींनी सोडला नाही. दुसऱ्या हाताने त्यांच्या खिशातून फोन काढला, कानाला लावला, आणि तिकडून काही विचारायच्या आत म्हणाल्या, "इथल्या कर गं. इथल्याच."